पडेल ते दान

शाळेत असताना इतिहासाच्या तासाला आम्ही बाकाखाली क्रिकेट खेळत असू. त्याला बॅट लागत नसे, चेंडू लागत नसे; फक्त इतिहासाचे पुस्तक लागे. डोळे मिटून पुस्तक मधेच उघडायचे, डाव्या पानाचा क्रमांक पाहायचा, त्यातला शेवटचा आकडा म्हणजे धावा. शून्य आले की गडी बाद. मी विजय मांजरेकरांचा भक्त होतो. कोणते पान कुठे आहे आणि कोणत्या पानाचा कोपरा मुडपला आहे, हे माझ्या बोटांना पाठ झाले होते. त्यामुळे मांजरेकरांनी माझ्या इतिहासाच्या पुस्तकात जितकी शतके काढली, तितकी त्यांनी मैदानावर साऱ्या जन्मात काढली नसतील. माझी ही लबाडी कोणाला कळली नाही. पुढे मी हिशेबतपासनीस झालो आणि छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या लबाड्या शोधण्यात घालवली, हा निव्वळ योगायोग समजावा.

हे सारे मी पार विसरून गेलो होतो. ते आठवले पुण्यापासून हजारो मैल दूर, अमेरिकेतल्या एका ओसरीवर. त्याची ही हकीकत.

२०२० च्या जानेवारीत आम्ही उभयता चिरंजीवांकडे गेलो होतो. ते न्यू जर्सी राज्यात एडिसन या गावी असतात. मार्चअखेरचे परतीचे तिकीट होते. पण मार्चमध्ये करोनाने जग बंद पाडले, २२ मार्चपासून भारताने बाहेरून येणारी विमाने थांबवली, आणि आमची दोन महिन्यांची पाहुणकी बेमुदत झाली. चिरंजीव एका खोलीत संगणकापुढे, सूनबाई दुसऱ्या खोलीत संगणकापुढे, दहा वर्षांच्या नातीची शाळा तिसऱ्या खोलीत संगणकातच. सौ.ने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. उरलो मी. दुपारी नातीशी सापशिडी खेळायचो आणि ती रडवेली झाली की हळूच फासा फिरवून तिला शिडी मिळवून द्यायचो. पण सापशिडी तरी माणूस किती खेळणार?

शेजारच्या घरी एक गृहस्थ एकटे राहत. वय पंचाहत्तरीच्या आसपास, उंच, किंचित वाकलेले. तीस वर्षे टपालखात्यात घरोघर पत्रे वाटून निवृत्त झालेले. त्यांचे नाव इथे देत नाही. आपण त्यांना पोस्टमनसाहेब म्हणू. रोज दुपारी चार वाजता ते घरापुढच्या लाकडी ओसरीवर एक घडीचे टेबल मांडीत. टेबलावर पुठ्ठ्याची कार्डे लावीत, चार फासे काढीत आणि तास-दीड तास फासे टाकून वहीत काहीतरी लिहीत. समोर कोणी नाही. मधेच "अरेरे!" म्हणत, मधेच टाळी वाजवीत. सौ. म्हणाली, "एकटेपणानं झालं असेल हो बिचाऱ्यांचं."

चौथ्या दिवशी मला राहवले नाही. मास्क लावून मी त्यांच्या पायऱ्यांपाशी गेलो आणि विचारले, "हे आपण काय करता?"

ते म्हणाले, "बेसबॉलचा हंगाम चाललाय. या, बसा. पण सहा फूट लांब."

बेसबॉलचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते आणि बहुतेकांना तो कळत नाही. मलाही कळत नव्हता. थोडक्यात सांगायचे तर, पिचर चेंडू फेकतो आणि फलंदाज तो टोलवून चार बेसांना वळसा घालून घरी येण्याची धडपड करतो. तीन गडी बाद झाले की पाळी बदलते. अशा दोन्ही बाजूंच्या नऊ-नऊ पाळ्या, म्हणजे नऊ डाव. चेंडू मैदानापार गेला तर होमरन. फलंदाज स्वतः तर घरी येतोच, बेसांवर जे कोणी उभे असतील त्यांनाही घेऊन येतो. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत तीस संघ, आणि प्रत्येकाचे साधारणपणे एका हंगामात १६२ सामने. इतक्या सामन्यांतून जे वर राहतात ते अंतिम फेऱ्यांना जातात. त्यांना तिथे 'प्लेऑफ' म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबर आला की अमेरिकन माणूस सकाळी उठून आधी गुणतक्ता पाहतो. आपला संघ दारात आहे की दाराबाहेर, याची त्याला तेव्हा घोर चिंता असते.

त्या वर्षी २६ मार्चला हंगाम सुरू व्हायचा होता. झाला नाही. मैदानांना कुलपे लागली. पण पोस्टमनसाहेबांच्या टेबलावर हंगाम सुरू होता, कारण त्यांचे खेळाडू पुठ्ठ्याचे होते.

या पुठ्ठ्याच्या खेळाचा इतिहास त्यांनी मला हप्त्याहप्त्याने सांगितला. फाशांवर बेसबॉल खेळण्याची खटपट जुनीच. १९३० च्या सुमारास विस्कॉन्सिनमधल्या क्लिफर्ड व्हॅन बीक नावाच्या गृहस्थाने खऱ्या खेळाडूंच्या नावांची कार्डे काढली. मंदीच्या दिवसांत ती चालली नाहीत. १९५१ साली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावच्या रिचर्ड साइत्झने त्याच धर्तीवर 'ॲपबा' नावाचा खेळ विकायला काढला आणि तो मात्र रुजला. तिसरा हॅल रिचमन. न्यूयॉर्कजवळच्या या मुलाने अकराव्या वर्षीच आपला खेळ रचायला घेतला होता. मोठेपणी त्याने वडिलांकडून पाच हजार डॉलर कर्ज घेतले. अट अशी, की धंदा बुडाला तर मुकाट्याने वडिलांच्या विम्याच्या व्यवसायात यायचे. धंदा बुडाला नाही. १९६१ साली सुरू झालेला त्याचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हाच पोस्टमनसाहेबांच्या टेबलावर होता.

यातली मेख अशी. प्रत्येक खऱ्या खेळाडूने गेल्या हंगामात काय केले याचा हिशेब करून त्याचे कार्ड बनवतात. कार्डावर तीन स्तंभ. एक फासा पांढरा, दोन रंगीत. पांढऱ्यावर एक, दोन किंवा तीन आले तर फलंदाजाच्या कार्डात पाहायचे. चार, पाच किंवा सहा आले तर पिचरच्या कार्डात. मग रंगीत फाशांची बेरीज करायची आणि त्या ओळीत जे लिहिले असेल ते घडले असे समजायचे. सात ही बेरीज छत्तिसात सहा वेळा येते, दोन किंवा बारा एकेकदाच. त्यामुळे कोणती गोष्ट कोणत्या ओळीत लिहायची याचे गणित साधले की पुठ्ठ्याचा खेळाडू पुष्कळसा खऱ्यासारखा खेळतो. काही ओळींत दोन शक्यता असतात. तिथे वीस बाजूंचा चौथा फासा टाकून निवाडा करायचा.

मी लगेच बोटे मोडली. तीन फाशांच्या एकंदर शक्यता २१६. त्यातल्या निम्म्या फलंदाजाच्या, निम्म्या पिचरच्या. म्हणजे प्रत्येकाच्या १०८. घरी येऊन सौ.ला सांगितले तर ती म्हणाली, "जपमाळेएवढ्या!" दुसऱ्या दिवशी मी हे पोस्टमनसाहेबांना सांगितले. ते उठून आत गेले, एक खरा बेसबॉल घेऊन आले आणि म्हणाले, "याच्यावर टाके किती आहेत माहीत आहे? एकशे आठ." सौ.ला हे कळल्यावर त्या खेळाबद्दलचा तिचा सारा आकस गेला.

पोस्टमनसाहेबांची लीग १९७८ सालची. आठ मित्रांनी सुरू केलेली. काही सोडून गेले, काही देवाघरी गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. आठाचा आकडा मात्र कायम. दर वर्षी नवी कार्डे आली की आठही जण पाळीपाळीने खेळाडू निवडून संघ बांधतात. मग प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येकाशी बारा सामने खेळायचे, म्हणजे एकूण ८४. वरचे चार संघ अंतिम फेऱ्यांना जातात. पूर्वी सारे एका गावात होते. पुढे नोकरीधंद्याने पांगले. तेव्हा त्यांनी टपालाची रीत काढली. ज्याच्या घरचा सामना, त्याने दोन्ही बाजूंचे फासे एकट्याने टाकायचे. पाहुण्या संघाचा मालक आधी सूचनांचा कागद पाठवतो: अमका पिचर सुरुवातीला, आघाडी असली तर आठव्या डावात तमका, धावत्या गड्याला चोरून बेस घेऊ द्यायचा की नाही, वगैरे. यजमानाने त्या सूचना पाळून खेळायचे आणि निकाल कळवायचा.

मी ताठ बसलो. छत्तीस वर्षांच्या सवयीने पहिला प्रश्न तोंडून निघाला, "मग तपासणी कोण करतं?"

"तपासणी?"

"तुम्ही एकटे इथे फासे टाकता. स्वतःच्या संघाविरुद्ध दान पडलं तरी तुम्हीच लिहिणार. पुरावा काय? व्हाउचर कुठे आहे?"

ते मनापासून हसले. म्हणाले, "बेचाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नाही."

मला इतिहासाचे पुस्तक आठवले ते त्या क्षणी. मी काही बोललो नाही.

पुढे त्यांनी मला एक कादंबरी वाचायला दिली. रॉबर्ट कूव्हर नावाच्या लेखकाची, १९६८ सालची. तिच्यात एक हिशेबनीसच नायक आहे, म्हणून ती त्यांनी मुद्दाम दिली असावी. तो रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर फाशांची लीग चालवतो. एके दिवशी त्याच्या अत्यंत लाडक्या तरुण खेळाडूचा फाशांच्या कौलाने मैदानात मृत्यू होतो. नायकाला ते सोसवत नाही, आणि पुढे तो ज्याच्या चेंडूने हे घडले त्या पिचरचा सूड घेण्यासाठी फासे हाताने हवे तसे मांडतो. मी पुस्तक परत करताना पोस्टमनसाहेब एवढेच म्हणाले, "फासा हाताने मांडला त्या पानावर खेळ संपला. पुढची पानं आहेत, पण खेळ नाही."

असे वेडे तिकडे थोडे नाहीत. 'ऑन द रोड' लिहिणारा जॅक केरुॲक लहानपणापासून स्वतः रचलेला बेसबॉल कार्डांवर खेळे. मोटारगाड्यांची नावे दिलेल्या संघांची वर्तमानपत्रेही तोच लिहून काढी आणि मोठा लेखक झाल्यावरही त्याने हा नाद सोडला नाही. ते कागद आता न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. १९८१ साली खेळाडूंनी संप केला तेव्हा क्लीव्हलँडच्या प्रचंड रिकाम्या मैदानावर टेबल मांडून वर्षाचा मोठा मानाचा सामना फाशांवर खेळला गेला. १९९४ चा संप तर फारच जिव्हारी लागला. १२ ऑगस्टला खेळ थांबला तेव्हा माँट्रियलचा 'एक्सपोज' संघ ७४ विजय आणि ४० पराभव अशा विक्रमाने सर्वांच्या पुढे होता. सप्टेंबरात अंतिम स्पर्धाच रद्द झाली. त्या संघाला ते दिवस पुन्हा दिसले नाहीत आणि २००५ साली तो वॉशिंग्टनला गेला. ज्यांच्याजवळ कार्डे होती, त्यांतल्या अनेकांनी तो तुटलेला हंगाम घरी टेबलावर पुरा केला. पोस्टमनसाहेबांनीही केला होता. "कोण जिंकलं?" मी विचारले. म्हणाले, "माझ्या टेबलावर माँट्रियल पहिल्याच फेरीत हरलं. फार वाईट वाटलं." मला पुन्हा इतिहासाचे पुस्तक आठवले.

असो. एप्रिल गेला, मे गेला. सारेच घरात कोंडलेले, त्यामुळे जो हंगाम सप्टेंबरात संपायचा तो जूनअखेरच संपत आला. मीही आता गुणतक्ता वाचू लागलो होतो. वरचे तीन संघ ठरून गेले होते. चौथ्या जागेसाठी तिघे झगडत होते. एक ओहायोतल्या ग्रंथपालबाई. त्यांचे ८४ सामने संपून ४४ विजय झाले होते. दुसरे आमचे पोस्टमनसाहेब आणि तिसरे पेनसिल्व्हेनियातले एक निवृत्त गणिताचे मास्तर. या दोघांचे ८१ सामन्यांत ४३-४३ विजय होते. उरलेले तीन सामने या दोघांचे एकमेकांशीच होते. तिनांपैकी दोन जो जिंकेल त्याचे निदान ४५ होणार, म्हणजे ग्रंथपालबाई कशाही बाहेरच. त्यांनी पत्र पाठवले, "गणित कळले. आता तुम्ही दोघे भांडा. मी टोमॅटोची रोपे लावते."

मास्तर आणि पोस्टमनसाहेब हे पहिल्या आठांतले उरलेले शेवटचे दोघे. तरुणपणी शेजारी राहत होते. मास्तरांचा संघ बेचाळीस वर्षांत एकदाही अजिंक्य ठरला नव्हता, आणि गेल्या अकरा वर्षांत तर पहिल्या चारांतही आला नव्हता.

तीन सामने पोस्टमनसाहेबांच्या घरचे होते. ते सूचनांच्या कागदाची वाट पाहत होते. कागद आला तो मास्तरांच्या मुलीकडून. मास्तरांचे हृदय दुबळे झाले होते. आठ दिवसांपूर्वी त्यांना इस्पितळात नेले होते. करोनामुळे कोणाला भेटीची परवानगी नव्हती. मुलगी फोनवर बोले तेवढेच. त्या फोनवरच मास्तरांनी तिला दोन पाने सूचना सांगितल्या होत्या. खाली मुलीने स्वतःची एक ओळ लिहिली होती: डॉक्टर फारशी आशा देत नाहीत, बाबा मात्र दर तासाला विचारतात, सामने झाले का?

पोस्टमनसाहेबांनी मला तो कागद वाचून दाखवला. आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. मग मी बोललो. मी म्हणालो, "तिनांपैकी दोन सामने त्यांना देऊन टाका."

त्यांनी मान वर केली.

"कोणाला कळणार आहे?" मी म्हणालो. "तपासणी नाही, व्हाउचर नाही. एक आजारी माणूस इस्पितळात एकटा पडलाय. त्याला एक आनंद मिळेल. तुमचं काय जाणार? मी हिशेबतपासनीस आहे. मी सांगतो, अशा खोट्या नोंदीवर मी डोळे मिटून सही करीन."

ते रागावले नाहीत. कागदावरून हात फिरवत म्हणाले, "हे वाचलंत ना तुम्ही? पहिल्या सामन्यात डिग्रॉम. आठव्या डावात आघाडी असेल तर हेडर. दुसऱ्या बेसवरच्या गड्याला चोरी करू द्यायची नाही. या कागदावर तो आजारी नाही. सगळं जग सध्या त्याला आजारी समजून बोलतं. मीही तसंच केलं तर त्याला राहिलं काय?"

मी काही बोलणार तोच ते पुढे म्हणाले, "आणि आज मी एक दान खोटं लिहिलं, तर गेल्या बेचाळीस वर्षांतली माझी सगळी दानं खोटी असू शकतात. त्याला कळणार नाही. मला कळेल."

आपल्याकडे 'जनाची नाही तरी मनाची' असे म्हणतात. छत्तीस वर्षे मी जनाची तपासणी केली. मनाची कशी असते ते मला त्या दिवशी एका अमेरिकन पोस्टमनने सांगितले. तरी खरे सांगायचे तर मला ते पटले नाही. घरी जाऊन सौ.ला सांगितले. तीही म्हणाली, "एवढं काय ते! लहान मुलाला आपण हरून दाखवतोच की." नात जवळच बसली होती. ती म्हणाली, "मला ते मुळीच आवडत नाही. आजोबा फासा फिरवतात ते मला कधीपासून माहीत आहे. मग मी जिंकले की आजोबा जिंकले, काय कळतं?"

मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले.

दुसऱ्या दिवशी चारला आम्ही ओसरीवर हजर. आम्ही म्हणजे मी आणि नात. तिला धावफलक लिहायचे काम मिळाले होते. पहिला सामना मास्तरांनी ३-२ असा जिंकला. डिग्रॉमच्या कार्डाने पोस्टमनसाहेबांचे गडी भराभर बाद केले. मी मनात म्हटले, देवाला तरी दया आहे. त्याच्या पुढच्या दिवशी दुसरा सामना. तो पोस्टमनसाहेबांनी ७-१ असा एकतर्फी मारला. राहिला तिसरा.

त्या दिवशी फार उकडत होते. सातवा डाव संपला तेव्हा मास्तरांचा संघ ४-३ ने पुढे होता. म्हणजे आता दोनच डाव. आठव्या डावाच्या उत्तरार्धात पोस्टमनसाहेबांची पाळी आली. त्यांनी सूचनांचा कागद पाहिला, बोट ठेवून ओळ वाचली आणि मास्तरांच्या बाजूने जॉश हेडरचे कार्ड टेबलावर ठेवले. हा डावखुरा पिचर भल्याभल्यांना चेंडू दिसू देत नसे. पण २०१९ च्या हंगामात त्याने पंधरा होमरनही दिले होते आणि कार्डाला ते ठाऊक होते. दोन गडी बाद झाले. एक जण पहिल्या बेसवर पोचला होता. पुढचा फलंदाज पीट अलॉन्झो. न्यूयॉर्कच्या 'मेट्स'चा हा दांडगा तरुण २०१९ साली पहिल्याच हंगामात त्रेपन्न होमरन मारून बसला होता. नवख्या खेळाडूचा तो विक्रमच.

पोस्टमनसाहेबांनी फासे टाकले. पांढऱ्यावर पाच. म्हणजे पिचरचे कार्ड. मला हायसे वाटले. हेडरच्या कार्डात पाहायचे तर गडी बाद होण्याचीच शक्यता जास्त. त्यांनी रंगीत फाशांची बेरीज केली, ओळ शोधली आणि थांबले. त्या ओळीत दोन शक्यता होत्या. ठरावीक आकड्यापर्यंत होमरन, त्यापुढे झेल. झेल येण्याचा संभव अधिक होता.

त्यांनी वीस बाजूंचा फासा उचलला. हात किंचित थरथरला. मी मनातल्या मनात झेल मागत होतो. आणि मला वाटते, तेही तेच मागत होते. फासा टेबलावरून गडगडत कडेला गेला, वहीला टेकला आणि थांबला. चार.

होमरन. ५-४.

कोणी टाळी वाजवली नाही. नातीने माझ्याकडे पाहिले, मग खाली मान घालून आकडा लिहिला. नवव्या डावात मास्तरांचा एक गडी तिसऱ्या बेसपर्यंत आला, दोन बाद झाले होते आणि फलंदाज होता माइक ट्राउट, २०१९ साली अमेरिकन लीगचा सर्वोत्तम ठरलेला खेळाडू. माझा जीव पुन्हा वर आला. फासे पडले. ट्राउट बाद. सामना संपला. मास्तर बाहेर.

पोस्टमनसाहेबांनी कार्डे गोळा केली नाहीत. तशीच ठेवून फोन लावला. मुलीने तो तिच्याकडून इस्पितळातल्या फोनला जोडून दिला. फोनचा आवाज मोठा केलेला होता, म्हणून आम्हालाही ऐकू येत होते.

"पाच-चार," पोस्टमनसाहेब म्हणाले. "तू हरलास."

पलीकडे बराच वेळ श्वासाचा आवाज. मग बारीक, पण खणखणीत प्रश्न: "कोणी मारला?"

"अलॉन्झो. आठव्यात. हेडरला."

"पांढरा किती?"

"पाच."

"माझ्याच कार्डावर! आणि वीसवाला?"

"चार."

"चार!" मास्तर म्हणाले, आणि हसू लागले. हसताहसता खोकला आला. मागून कोणीतरी बहुधा त्यांना बोलू नका म्हणत होते. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. "मी तुला काय म्हटलं होतं, त्याला निवडताना? हा पोरगा मला एक दिवस मारील. सांग, पहिल्यापासून सांग. पहिला डाव."

पोस्टमनसाहेबांनी नातीकडून धावफलक घेतला आणि पहिल्या डावापासून एकेक दान सांगायला सुरुवात केली. मास्तर मधेमधे अडवून विचारीत, वाद घालीत, स्वतःच्याच सूचनेला शिव्या देत. पाऊण तास हे चालले. शेवटी पोस्टमनसाहेब म्हणाले, "आज माझ्याकडे एक भारतीय हिशेबतपासनीस साक्षीला बसलेत."

"म्हणजे बेचाळीस वर्षांनी तपासणी झाली म्हणायची!" मास्तर म्हणाले. "काय साहेब, हिशेब बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "पैन् पै बरोबर आहे." माझा आवाज जरा घोगरा झाला होता. ज्या हिशेबावर मी खोटी सही करायला निघालो होतो, त्याच हिशेबावर मी खरी सही केली.

२३ जुलैला खरा बेसबॉल सुरू झाला. १६२ ऐवजी साठच सामने, आणि अंतिम फेऱ्यांना त्या वर्षापुरते सोळा संघ. मैदानांत माणसे येऊ देत नव्हते. म्हणून कित्येक ठिकाणी खुर्च्यांवर पुठ्ठ्याचे प्रेक्षक बसवले होते. दूरचित्रवाणीवर ते पाहून पोस्टमनसाहेब म्हणाले, "बेचाळीस वर्षं लोक माझ्या पुठ्ठ्याच्या खेळाडूंना हसले. आता पाहा!" त्यांचा स्वतःचा संघ लीगच्या अंतिम फेऱ्यांत पहिल्याच फेरीला गारद झाला. ऑगस्टमध्ये आम्हाला सरकारी योजनेतल्या विमानात जागा मिळाली आणि आम्ही मुंबईला उतरलो.

२०२१ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या घरी एक जाड पाकीट आले. पोस्टमनने पाठवलेले, तेव्हा अर्थातच टपालाने. मास्तर इस्पितळातून घरी आले होते, तीन महिने आपल्या माणसांत होते आणि नोव्हेंबरात गेले. त्या तीन महिन्यांत जो कोणी भेटे त्याला ते त्या सामन्याची हकीकत सांगत, असे मुलीने कळवले होते. पाकिटात नातीच्या अक्षरातला तो धावफलक होता, त्याची नक्कल काढून घेऊन मूळ प्रत मला पाठवली होती. आणि एक विनंती होती. मास्तरांचा संघ पोरका झाला आहे. लीगच्या सात जणांनी ठरवले आहे की तो मोडायचा नाही. तुम्ही चालवाल का? घरचे सामने आम्ही इथे खेळू. तुम्ही फक्त सूचना पाठवा.

मी सौ.ला विचारले. ती म्हणाली, "हो म्हणा. एकशे आठ टाके आहेत त्याला."

तेव्हापासून मी पुण्याहून पेनसिल्व्हेनियाचा संघ चालवतो. पहिल्या वर्षी आम्ही सहावे आलो. नात मला सल्ले देते. सुटीत इथे आली की आम्ही सापशिडीही खेळतो आणि ती माझ्या फाशावर डोळा ठेवून असते. दर आठवड्याला निकाल येतात. कधी आम्ही जिंकतो, बऱ्याचदा हरतो. हरलो की मी पत्र पाठवून विचारतो, पांढरा किती आला आणि वीसवाला किती. उत्तर येते. ते मी वहीत उतरून घेतो.

व्हाउचर मात्र मी अजून मागितलेले नाही.